कोकणच्या उजेडाला उसना निळा नको

सध्या प्रदर्शनांत आणि इथे फेसबुकवर कोकण किनाऱ्याची जी निसर्गचित्रं दिसतात, त्यातल्या बहुतेकांत समुद्र गडद निळा, आकाश नारिंगी आणि माड काळेकुट्ट असतात. हात तयार असतो, वॉश (जलरंगाचे पातळ थर) स्वच्छ असतात, होड्यांचं ड्रॉइंग पक्कं असतं. पण उजेड कोकणातला नसतो. तो एकतर मोबाइलच्या कॅमेऱ्यातून आलेला असतो, नाहीतर युरोपातल्या चित्रांच्या छापील प्रतींतून. समुद्रकाठच्या उजेडाचा पाठलाग करत ज्या चित्रकारांनी आयुष्यं घातली, त्यांचे रंग आपण उचलले आणि त्यांची बघण्याची पद्धत तिकडेच सोडून दिली, हे मला मनापासून खटकतं. उचलायची होती ती पद्धत.

ती पद्धत कशी होती ते आधी सांगतो. यूजेन बूदँ हा १८२४ साली नॉर्मंडीतल्या ओंफ्लर या बंदरात जन्मलेला चित्रकार. तो पेस्टलमध्ये आकाश आणि समुद्राचे छोटे छोटे अभ्यास करायचा आणि त्यावर तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवायचा. कवी बोदलेअरने १८५९ च्या पॅरिसमधल्या सलोंबद्दल, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनाबद्दल, लिहिताना या नोंदींचा मुद्दाम उल्लेख केला आहे. तरुण क्लोद मोनेला उघड्यावर रंगवायला बसवलं ते याच बूदँने. पुढे मोने एत्रताच्या खडूच्या कड्यांपाशी काम करत होता, तेव्हा लेखक मोपासाँने त्याला पाहिलं. एकाच विषयाचे पाच-सहा कॅनव्हास बरोबर, ते वाहून न्यायला मुलं, आणि उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून त्या घडीचा दुसरा पुढे ओढायचा. १८८५ च्या नोव्हेंबरात तिथेच एका लाटेने मोनेला चित्राच्या सामानासकट कड्यावर आपटलं होतं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचं १८७० मधलं त्रूव्हिलच्या पुळणीचं चित्र आहे. त्याच्या रंगात वाळूचे कण आजही अडकलेले आहेत. हे चित्र कुठे बसून काढलं, याचा याहून चांगला पुरावा काय हवा!

पद्धतीचा अर्धा भाग हा: जागेवर जा, वेळ नोंदवा, एका उजेडाला एक कागद. उरलेला अर्धा भाग मोनेच्या सगळ्यात प्रसिद्ध चित्रात आहे. ल हाव्र बंदरातली पहाट, १८७२. धुकट निळ्या-करड्या पाण्यावर केशरी सूर्य. हार्वर्डच्या न्यूरोबायॉलॉजिस्ट मार्गारेट लिव्हिंग्स्टन यांनी दाखवून दिलं की या चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे तो सूर्य मागच्या आकाशापेक्षा उजळ रंगवलेलाच नाही, उजेडाची पातळी तीच आहे, फक्त रंग वेगळा आहे. म्हणून तो थरथरल्यासारखा वाटतो. आपल्याकडे सूर्यास्त म्हटलं की मधोमध कागदाचा पांढरा गोल सोडायचा आणि भोवती पिवळा फिरवायचा. मार्च-एप्रिलमध्ये गुहागरला किंवा वेंगुर्ल्याला क्षितिजापासून चार बोटं वर आलेला सूर्य बघा. हवेतल्या दमट थरातून तो मंद तांबडा गोळा होऊन दिसतो आणि त्याच्या भोवतीचं आकाश त्याच्याइतकंच फिकट असतं. तिथे पांढरा गोल सोडला की चित्र संपलंच.

म्हणून माझा आग्रह पातळीवर, म्हणजे रंग किती उजळ किंवा गडद आहे यावर आहे. रंग चुकला तर चित्र निभावून जातं, पातळी चुकली तर किनाऱ्याचा उजेड येतच नाही.

आता उसन्या निळ्याकडे येतो. डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेन हे मच्छीमारांचं गाव. पी. एस. क्रॉयर, ॲना आणि मिखाएल आंकर हे चित्रकार तिथे राहून काम करायचे. क्रॉयरचं १८९३ मधलं संध्याकाळच्या पुळणीवर चालणाऱ्या दोघींचं चित्र जगभर छापलं गेलंय, आणि त्यातला निळा-जांभळा आपल्या कित्येक चित्रांत उतरलाय. पण स्कागेन जवळपास ५८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनच्या मध्यरात्रीही सूर्य क्षितिजाखाली जेमतेम ९ अंश जातो. संधिप्रकाश रात्रभर रेंगाळतो, आणि तो निळा तासन्‌तास समोर उभा असतो. रत्नागिरी १७ अंशांवर आहे. इथे सूर्य जवळपास सरळ खाली बुडतो आणि बुडाल्यापासून साधारण २२ ते २४ मिनिटांत नीट दिसेल इतका उजेड संपतो. त्यातही निळसर छटा शेवटच्या दहा-एक मिनिटांची. तेवढ्या वेळात पूर्ण पानाचं चित्र होत नाही. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन वॉशमध्ये होतं. कोकणातली निळी संध्याकाळ रंगवायचीच असेल तर तशीच लहान रंगवावी. फोटोवरून घरी मोठी करून काढली की तिचं स्कागेन होतं.

दक्षिण फ्रान्समधल्या कोल्यूरचा धडा मात्र आपल्या जास्त कामाचा आहे, आणि तो आपण घेतलेला नाही. १९०५ च्या उन्हाळ्यात मातिस आणि आंद्रे दरँ हे चित्रकार तिथे होते. तिथून चित्रकार मित्र व्लामिंकला लिहिलेल्या पत्रात दरँने म्हटलं की इथला उजेड इतका तीव्र आहे की सावल्याही उजळ आहेत, सावली म्हणजे काळोख ही कल्पनाच सोडून द्यावी लागते. पुढे त्यांनी लाल-केशरी रंगांचा जो भडका उडवला तो आपण पाहतो, पण निरीक्षण सावलीचं होतं. तिकडे स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या पुळणीवर होआकिन सोरोया पांढऱ्या कपड्यांतली माणसं रंगवत होता, आणि त्याच्या पांढऱ्यातल्या सावल्यांत एका बाजूला जांभळा आणि दुसऱ्या बाजूला वाळूचा पिवळा असतो. कारण साधं आहे. किनाऱ्यावर सावलीला दोन ठिकाणांहून उजेड मिळतो, वरून आकाशाचा निळसर आणि खालून तापलेल्या वाळूचा उबदार. त्यातून कामाचा नियम असा निघतो: सावलीतला जो पृष्ठभाग आकाशाकडे तोंड करून आहे तो निळसर, जो जमिनीकडे तोंड करून आहे तो उबदार.

कोकणात हा नियम फार ठळक दिसतो, कारण आपल्याकडे जांभा आहे. दक्षिण कोकणातल्या जांभ्याच्या घराची पडवी भर दुपारी बघा. छपराची खालची बाजू सावलीत असूनही तांबूस नारिंगी पेटलेली असते, कारण अंगणातली लाल माती उजेड वर फेकते. त्याच घराच्या पायरीवर पडलेली सावली मात्र निळसर जांभळी. दोन्हीकडे पेन्स ग्रे हा एकच तयार करडा फिरवणारा चित्रकार तिथे बसलेलाच नव्हता, हे लगेच कळतं. वाळूसुद्धा सगळीकडे सारखी नसते. तारकर्लीची फिकट, रत्नागिरीजवळ काही ठिकाणी इल्मेनाइट या काळ्या खनिजामुळे काळपट. काळपट पुळणीवर खालून परत येणारा उजेड कमी, त्यामुळे तिथल्या होड्यांच्या पोटाखालची सावली खरोखर गडद असते. तारकर्लीला तीच होडी पोटाखाली पिवळट उजळते.

हवेचं काय? आपल्या किनाऱ्याच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते पाणी ओढून फुगतात. फुगलेले कण उजेडाच्या तरंगलांबीच्या मानाने मोठे असतात, ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून हवा पांढुरकी दिसते. डोंगरावरच्या कोरड्या हवेत लांबचे डोंगर निळे होत जातात; कोकणात ते निळे होता होता दुधट होतात. युरोपातल्या पुस्तकांत ‘दूरचं ते निळं’ असा पाठ आहे. फेब्रुवारी ते मे या काळात कोकणात लांबचं टोक रंगवताना निळ्यात थोडा पिवळा ऑकर आणि लाइट रेड घालून त्याला मोत्यासारखं करडं करावं लागतं, आणि पातळी आकाशापासून जेमतेम अर्धी पायरी खाली ठेवावी लागते. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात हवा धुतलेली असते. तेव्हा मात्र कडा धारदार आणि निळा खराखुरा. जून ते सप्टेंबर आकाशच एक मोठा दिवा असतो, पडछाया नसतातच, सगळी मजा ओल्या वस्तूंच्या चकाकीत. या तीन ऋतूंचे तीन वेगळे पॅलेट हवेत. बारमाही एकच निळा चालत नाही.

आणखी एक गोष्ट, जी चित्रांत सर्रास उलटी दिसते. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या पाठीशी, डोंगराच्या बाजूला असतो. माडांच्या लांब सावल्या पुळणीवर समुद्राकडे पडतात आणि पाण्याचा स्वतःचा रंग, म्हणजे हिरवट निळा, सगळ्यात स्वच्छ दिसतो. दुपारी तीननंतर सूर्य समोर. तेव्हा समुद्राला रंग जवळपास नसतोच, तो रुपेरी-करडा असतो आणि होड्या, माणसं गडद आकार होतात. सकाळचा निळा समुद्र आणि संध्याकाळचे गडद आकार एकाच चित्रात आले की बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी खोटेपणा जाणवतो.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. क्षितिजाजवळचा समुद्र बहुधा त्याला टेकलेल्या आकाशापेक्षा गडद असतो. लांबच्या लाटांचे आपल्याकडे झुकलेले उतारच आपल्याला दिसतात, आणि त्यात क्षितिजालगतचं उजळ आकाश न दिसता वरचं, जास्त गडद आकाश दिसतं. वारा पूर्ण पडला किंवा हवा फार दमट असली की हा फरक मिटतो आणि क्षितिज हरवतं. तेव्हा रेघ ओढू नका, ओल्यात ओला वॉश सलग खाली येऊ द्या. पुळणीवर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं, ३० मीटर उंच सड्यावरून (जांभ्याच्या पठारावरून) ते २० किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणून सड्यावरून पाहिलेलं क्षितिज जास्त दमट हवेतून दिसतं आणि पुळणीवरच्यापेक्षा मऊ रंगवावं लागतं. जवळ येणाऱ्या लाटेच्या उभ्या भिंतीत, ती फुटायच्या क्षणी, पाण्यातून आरपार आलेला हिरवा दिसतो, पण फक्त सूर्य तिच्या मागे असताना. फेस सावलीत असेल तर पांढरा सोडू नका. तो करडा-निळा असतो, बऱ्याचदा उन्हातल्या कोरड्या वाळूपेक्षा गडद.

दुपारनंतरची पाण्यावरची चमचम ही पातळीची खरी परीक्षा. कागदाचा पांढरा आणि सूर्याचं प्रतिबिंब यांच्या उजेडात प्रचंड तफावत आहे; कागद तेवढा चमकणार नाही. उपाय एकच, बाकी सगळं खाली आणायचं. १ म्हणजे कोरा कागद आणि १० म्हणजे काळा अशी पट्टी धरली, तर चमचमीच्या चित्रात आकाश ३, भोवतीचा समुद्र ५, ओली वाळू ५ ते ६ आणि होड्या ८-९ ठेवाव्यात. बहुतेक जण आकाश १ वर ठेवतात आणि मग चमचम का उठत नाही म्हणून मास्किंग फ्लुइडचे (कागद कोरा राखणाऱ्या द्रवाचे) ठिपके वाढवत जातात. मास्किंगचे ठिपके सारखे गोल आणि कडक कडांचे असतात, पाण्यावर टाकलेल्या तांदळासारखे दिसतात. त्यापेक्षा रफ कागदावर १० किंवा १२ नंबरचा गोल ब्रश जवळपास आडवा धरून, रंग दाट आणि पाणी कमी घेऊन, एका झटक्यात डावीकडून उजवीकडे ओढा. खळग्यांत कोरा कागद आपोआप राहतो. परत त्यावरून फिरायचं नाही. क्षितिजाकडे ठिपके सलग बारीक पट्टी होतात, जवळ ते सुटे आणि मोठे होतात. सूर्य खाली येईल तशी ही पट्टी अरुंद होत जाते.

ओल्या वाळूचा आरसा हवा असेल तर पंचांग बघा. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ऐन सूर्यास्ताला पाणी सगळ्यात लांब गेलेलं असतं आणि समोर रुंद ओली पुळण असते. अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी भरती असते, तसा रुंद आरसा मिळत नाही. मिनिटांचा फरक जागेनुसार पडतो, तेवढ्यासाठी भरतीचं छापील वेळापत्रक आहेच. रंगवताना एवढं लक्षात ठेवा की पायाशी खाली पाहिलं तर ओली वाळू कोरडीपेक्षा बरीच गडद दिसते, आणि लांबवर तिरप्या नजरेने पाहिलं तर तीच वाळू आकाशाइतकी उजळ होते. म्हणून वॉश वर उजळ सुरू करून खाली गडद करत आणायचा. प्रतिबिंबं ब्रशच्या उभ्या फटकाऱ्यांनी, ओल्यात. पाणी सरतानाच्या आडव्या रेघा वाळल्यावर, दोन-तीनच.

माडाबद्दल एकच. झावळी गुळगुळीत असते, तिच्या वरच्या अंगावर आकाश चकाकतं, म्हणून ती तिथे निळसर पांढरी दिसते. ऊन मागून आलं की पिवळी-पोपटी. ट्यूबमधला सॅप ग्रीन जसाच्या तसा लावलेला माड कुठल्याच वेळेचा नसतो.

फोटोला माझा सरसकट विरोध नाही, होडीच्या काठाचं वळण तपासायला तो चांगला. पण मोबाइल अनेक एक्स्पोजर एकत्र करून, आकाश गडद करून, रंग चढवून चित्र देतो. आणि उजेडाकडे तोंड करून काढलेल्या साध्या फोटोत सावल्या काळ्या पडतात. डोळ्याला जिथे ऑलिव्ह, तांबूस, जांभळा दिसत होता तिथे फोटोत काहीच नसतं. तुमची सावलीच हरवते, आणि कोकणात सगळं सावलीतच आहे. मोबाइलचा खरा उपयोग निराळा आहे. अर्धवट चित्राचा कृष्णधवल फोटो जागेवरच काढा आणि पातळ्या तपासा.

जागेवर काम असं करावं. ठरवलेल्या उजेडाच्या अर्धा तास आधी पोहोचा. दोन बाय तीन इंचात पेन्सिलीने तीन पातळ्यांचं टिपण करा, तीन मिनिटांहून जास्त वेळ नको, आणि बूदँसारखी बाजूला वेळ, तिथी, वारा लिहा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, तेव्हा सावल्यांच्या कडा सगळ्यात आधी आखून घ्या आणि नंतर त्या कितीही मोहक बदलल्या तरी हात लावू नका. पाव इम्पीरियल, म्हणजे ११ बाय १५ इंच कागद आणि ४० मिनिटं, एवढीच मर्यादा. वेळ संपली की दुसरा कागद. रंग सात पुरतात: अल्ट्रामरीन, कोबाल्ट, सिरुलियन, यलो ऑकर, बर्न्ट सायना, लाइट रेड आणि पर्मनंट रोझ. काळा नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना मिळून हवा तेवढा गडद रंग होतो, आणि तो थंड-उबदार दोन्हीकडे वळवता येतो.

कागदावर थेट ऊन घेऊ नका. उन्हात पांढरा कागद इतका झगझगतो की आपण नकळत गडद लावत जातो आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेलं निघतं. छत्री घ्या, पण काळी किंवा करडी. लाल-निळी छत्री कागदालाच रंग देते. पोलराइज्ड गॉगल रंगवताना काढून ठेवा, पाण्यावरची चकाकी तो अर्धीअधिक खाऊन टाकतो. सकाळी खारे वारे सुरू व्हायच्या आधी हवा कोंदट असते, वॉश वाळत नाही, आणि घाईने दुसरा हात मारला की बॅकरन, म्हणजे पाणी पसरल्याचे वेडेवाकडे डाग, पडतात. तेव्हा रंगाच्या एकाच थरात चित्र करायची तयारी ठेवा किंवा दोन कागद आलटून पालटून चालवा. दुपारी उलट, वारा इतका लागतो की मोठा वॉश अर्ध्यात सुकतो. कागद मागून ओला करून प्लास्टिकच्या बोर्डवर चिकटवला तर निभतं. समुद्राचं पाणी रंगात घेऊ नका. मीठ कागदात राहतं, हवेतला ओलावा ओढत राहतं आणि रंगात तारे पाडतं.

मूळ चित्रं बघायची संधी सोडू नका, छापील प्रतीत करडे रंग मरतात आणि निळे चढतात. गोव्यात जन्मलेल्या आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं पणजीच्या फुंदासाव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आहेत. तिथे एका चित्रासमोर पंधरा मिनिटं उभं राहून फक्त सावल्यांत किती रंग आहेत ते मोजा.

आणि कोकणात राहणाऱ्यांनी कागदाचा साठा जपावा. दमट खोलीत एक पावसाळा उघडा राहिलेला चांगला कॉटन कागदही आतलं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच मुरू न देणारी खळ, गमावतो. मग वॉश टिपकागदासारखा शोषला जातो आणि पिवळट ठिपके उमटतात, जे रंग लावेपर्यंत दिसत नाहीत. जाड प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह, भिंतीपासून दूर ठेवा आणि चित्र सुरू करायच्या आधी कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब वर उभा राहिला तर कागद चांगला, लगेच मुरला तर तो पेन्सिलच्या कामाला काढा.